लॅम्बोर्गिनी चीता, १/२४ स्क्रॅच बिल्ड: मागची बाजू आकाराला आली

लॅम्बोर्गिनी चीताचे मूळ गाडीच्या चोविसाव्या भागाइतके मॉडेल मी स्क्रॅच बिल्ड पद्धतीने, म्हणजे तयार किटऐवजी सुट्या साहित्यातून, बनवत आहे. या टप्प्यातील कामाचा सगळा भर मागच्या बाजूवर दिला आहे. १९७७ च्या जिनिव्हा मोटार शोमध्ये लॅम्बोर्गिनीने मांडलेल्या या लष्करी प्रोटोटाइपमध्ये क्रायस्लरचे ५.९ लिटरचे व्ही-८ इंजिन प्रवाशांच्या पाठीमागे बसवलेले होते, आणि गाडीची एकूण ठेवणच नव्हे, तर तिच्या वाट्याला आलेले अपयशही बऱ्याच अंशी त्या एका निर्णयातून आले. त्यामुळे दिवे, काच, आसने यांना हात न लावता आधी चौकट आणि इंजिनाची जागा पक्की करणेच मला योग्य वाटले.

मापे जुन्या छायाचित्रांवरून काढली. अगदी बाजूने घेतलेल्या फोटोत चाकाचा व्यास एकक धरला की बाकीची अंतरे त्या प्रमाणात मांडता येतात. चौकट प्लास्टिकच्या गोल दांड्यांची आहे. इंजिनाचा ब्लॉक एका अमेरिकन गाडीच्या किटमधून उरलेला क्रायस्लर व्ही-८ आहे, आणि त्याला जोडलेला तीन गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स प्लास्टिक शीटचे थर चिकटवून, कानशीने घासून घडवला. इंजिनावरचे झाकण उचलता येईल असे ठेवले आहे, कारण ही गाडी समजून घ्यायची तर ते उघडूनच पाहायला हवे.

ही गाडी मोबिलिटी टेक्नॉलॉजी इंटरनॅशनल या कंपनीने कॅलिफोर्नियातील सॅन होझे येथे बांधली आणि अखेरचा हात फिरवण्यासाठी ती इटलीत सान्तागाता येथे, लॅम्बोर्गिनीच्या कारखान्यात, आली. एफएमसी या अमेरिकन कंपनीच्या एक्सआर३११ या लष्करी वाहनाशी तिचे साम्य इतके उघड होते, की प्रकरण कायदेशीर कारवाईपर्यंत गेले. दोन्ही गाड्यांचे फोटो शेजारी ठेवल्यावर एफएमसीचा राग मला तरी समजू शकतो. चीतामुळेच हमवी ही अमेरिकन सैन्याची गाडी जन्माला आली, असे मात्र सरसकट म्हणू नये. चीता पुढे टेलेडाइन कॉन्टिनेन्टलकडे गेली आणि त्या कंपनीने हमवीच्या स्पर्धेत आपले वाहन उतरवले, हे खरे; पण १९८३ मध्ये कंत्राट मिळाले ते एएम जनरल या कंपनीला, आणि त्यांच्या गाडीचे इंजिन पुढे होते.

चीताची खरी अडचण इथेच होती: जड इंजिन मागे असल्यामुळे पुढच्या चाकांवर भार कमी पडतो, आणि वाळूत किंवा चढावर स्टिअरिंग फिरवले तरी गाडी हवी तशी वळत नाही. लॅम्बोर्गिनीने १९८१ च्या एलएम००१ या पुढच्या प्रोटोटाइपमध्येही इंजिन मागेच ठेवले. ते पुढे आणल्यानंतर, १९८६ मध्ये, काऊंटाश या आपल्याच स्पोर्ट्स कारचे व्ही-१२ इंजिन घेऊन एलएम००२ बाजारात आली. मॉडेलमध्ये चीताचा हा मागचा भार दिसावा म्हणून मागच्या चौकटीत शिशाचे तुकडे दडवले असून मागचे सस्पेन्शन किंचित दबलेले ठेवले आहे.

बॉडीबाबत एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. मूळ बॉडी फायबरग्लासची असल्यामुळे पत्र्याच्या गाडीसारख्या धारदार कडा येथे चालणार नाहीत. सगळे कोपरे ८०० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्याखाली घासून मऊ केले. याच कारणाने लष्करी मॉडेलवर सवयीने केले जाणारे चंदेरी ओरखडे आणि गंज बॉडीवर पूर्णपणे वर्ज्य आहेत. ज्या गाडीची अमेरिकन सैन्याने कधी चाचणीच घेतली नाही, तिच्यावर युद्धाच्या खुणा तरी कशाला हव्यात? चाकांच्या खोबणीत थोडी धूळ पुरे.

प्रायमरचा पहिला हात झाला असून झाकणाच्या सांध्यात पुट्टी भरणे बाकी आहे. पावसाळ्याच्या दमट हवेत लॅकर पांढरट पडतो, त्यामुळे वाळूचा रंग ऑक्टोबरमध्येच एअरब्रशने मारीन आणि तोवर आसने व पुढच्या काचेची चौकट हाती घेईन.