आवडलेलं पिल्लू का देत नाही?

नाताळच्या सुट्टीत डोंबिवलीहून एक कुटुंब आमच्याकडे आलं होतं. आई, बाबा आणि सात वर्षांची मुलगी. दापोलीजवळच्या मुरूडच्या किनाऱ्यापासून आमची वाडी पाच मिनिटांवर, आणि पडवीत तेव्हा कुत्रीची सहा पिल्लं. मुलगी दारात उभी राहिली मात्र, काळ्या कानाचा पांढरा नर सगळ्यांना मागे टाकून धावत आला आणि तिच्या फ्रॉकची झालर दातात धरून ओढू लागला. "हाच!" ती ओरडली. मी म्हटलं, "हा नको बाळा. ती बघ, तांबूस, रहाटाजवळ बसलीय ती. ती तुझ्यासाठी." मुलीचे डोळे भरून आले. बाबा तेव्हा काही बोलले नाहीत. पिल्लू न घेताच गेले, आणि चार दिवसांनी त्यांचा फोन आला. "काकू, तुम्ही पैसे घेत नाही, मग लेकीला आवडलेलं पिल्लू द्यायला काय हरकत होती? एवढ्याशा पिल्लात असं काय बघायचं असतं?"

हा प्रश्न दर हिवाळ्यात कुणी ना कुणी विचारतंच. फोनवर मला नीट सांगता आलं नाही. डोंबिवलीचे बाबा, तुम्ही विचारलंत म्हणून आता तुम्हालाच सावकाश लिहिते.

आमच्याकडच्या गावठी कुत्र्या बहुतेक भाद्रपदाच्या आगेमागे माजावर येतात आणि साधारण ६३ दिवसांनी व्यातात. म्हणजे भात कापून झालं की कुणाच्या तरी उडवीमागे, नाहीतर लाकडांच्या खोपीत पिल्लं सापडतातच. बारा वर्षांपूर्वी पहिलं वेत मी घरी आणलं, आईसकट. तेव्हापासून एकही हिवाळा रिकामा गेला नाही. पिल्लांना घरं मिळाली की आईची नसबंदी करून घ्यायची आणि पिल्लू नेणाऱ्याकडूनही तसाच शब्द घ्यायचा, एवढा माझा नेम.

पहिल्या वर्षी मीही लोकांना म्हणत असे, "बघा, कुठलं आवडतंय." त्याच वर्षी वरच्या आळीतले एक आजोबा आले. घरी दोघंच, मुलं मुंबईला. राखणीला कुत्रा हवा होता, म्हणून मी त्यांना सगळ्यांत धीट नर दिला. मला वाटलं, राखण म्हणजे धीटपणा. सात महिन्यांचा झाला तेव्हा तो आजींच्या हाताला न आवरण्याइतका ताकदवान झाला होता. पाखाडीच्या पायऱ्या उतरताना मांजर दिसलं, त्याने हिसडा दिला, आजी पडल्या आणि मनगट मोडलं. कुत्र्याचा दोष नव्हता, आजींचा तर नव्हताच. चूक माझी होती. तो मी परत आणला आणि कलमांच्या बागेत राहणाऱ्या राखणदाराला दिला. तिथे रात्रभर त्याच्या बॅटरीमागे चालायचं काम मिळालं आणि त्याचा तोच धीटपणा कामाला आला. आजींनी मात्र त्यानंतर दोन वर्षं कुत्र्याचं नाव काढू दिलं नाही.

तेव्हापासून मी बघायला शिकले.

पिल्लांचे डोळे दहा ते चौदा दिवसांत उघडतात, कान तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला. तिथून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ फार मोलाचा. जगात काय ओळखीचं आणि काय परकं, हे मनात याच दिवसांत बसतं. म्हणून तिसऱ्या आठवड्यापासून मी त्यांना आमचं जग दाखवते. कुकरची शिट्टी, पाण्याचा पंप, पत्र्यावर धाडकन पडणारं माडाचं झापड. सारवलेलं अंगण, जांभ्याची पायरी, पुळणीची वाळू. डोक्यावर पाटी घेतलेली मासळीवाली, काठी टेकत येणारे आजोबा, हेल्मेट घातलेला पोस्टमन. आणि हे सगळं होताना वही घेऊन शेजारी बसते. वहीत तीनच रकाने: दचकलं का, सावरायला किती वेळ लागला, परत बघायला गेलं का. पहिल्या रकान्याला मी फारशी किंमत देत नाही. दचकत सगळीच असतात. झापड पडल्यावर एक पिल्लू पाटाखाली शिरतं आणि संध्याकाळपर्यंत बाहेर येत नाही. दुसरं तितकंच दचकतं, पण मिनिटभरात झापड हुंगायला जातं. ही दोन पिल्लं एकाच तऱ्हेच्या घरात सुखाने राहणार नाहीत.

सात आठवडे झाले की ४९व्या दिवसाच्या आसपास रीतसर चाचणी घेते. कुत्र्यांना शिकवणाऱ्या व्होलहार्ड जोडप्याने रूढ केलेली ती दहा भागांची चाचणी. शेजारच्यांचं खळं मागून घेते, कारण जागा पिल्लांना अनोळखी हवी. तपासणारी व्यक्तीही अनोळखी हवी, म्हणून दापोलीहून एक मुलगी येते. मी लांब दगडी गडग्यावर बसून लिहीत राहते. एकेक पिल्लू आणायचं, भरल्या पोटी नाही आणि झोपाळलेलंही नाही. हाक मारल्यावर येतं का, मागे चालतं का. उताणं करून तीस सेकंद हलकेच धरलं तर झटापट करत राहतं, की थोडं झगडून शांत होतं. कागदाचा बोळा फेकला तर आणतं, की घेऊन पसार होतं. भांड्यावर पळी वाजवली, छत्री उघडली तर काय करतं. प्रत्येक वागणुकीला एक ते सहा आकडा. ज्याला सगळे एक-दोन पडले ते हट्टी, जोरकस. त्याला अनुभवी माणूस हवा. तीन-चार पडलेली बहुतेक घरांत रुळतात. सहा-सहा पडलेलं आपल्याच तंद्रीत असतं, त्याला माणसांची फारशी ओढ नसते.

पण या आकड्यांवर मी डोळे मिटून भरवसा ठेवत नाही, आणि तुम्हीही ठेवू नका. २०१४ साली व्हिएन्नातल्या संशोधकांनी बॉर्डर कॉली जातीची पिल्लं जन्मापासून मोठी होईपर्यंत तपासली. सहा-सात आठवड्यांच्या वयात दिसलेल्या गोष्टींपैकी मोठेपणी ठळकपणे टिकून राहिली ती एकच: नवं काही हुंगत, धुंडाळत फिरण्याची हौस. बाकीचं घरागणिक बदलत जातं. म्हणूनच एका सकाळच्या चाचणीपेक्षा मला पाच आठवड्यांची वही जवळची वाटते. आणि पिल्लांइतकंच घर तपासावंसं वाटतं ते याचमुळे.

घराला मी जे विचारते ते ऐकून लोक चकित होतात. शिमग्याला पालखी तुमच्या अंगणात येते का, ढोल किती वेळ वाजतात? पाटाखाली संध्याकाळ काढणारं पिल्लू मी पालखी नाचवणाऱ्या घरात देत नाही. कोंबड्या आहेत का? चाचणीत दोरीला चिंधी बांधून ओढतो, तेव्हा काही पिल्लं नुसती बघतात, काही मागे पळतात, आणि एखादं ती पकडून मान झटकत राहतं. त्यालाही शिकवता येतं, पण मोकळ्या कोंबड्यांच्या घरात शिकवणी पुरी होण्याआधी एखादी कोंबडी जाते आणि मग कुत्रा जन्मभर साखळीला. रात्री कुत्रं कुठे झोपणार? इथे बिबट्या वाड्यांपर्यंत येतो आणि कुत्रं त्याला सोपं भक्ष्य. "अंगणात" असं उत्तर आलं तर बंद पडवीचं कबूल करून घेतल्याशिवाय पिल्लू हलत नाही. आणि ज्यांचं घर फक्त गणपतीत आणि मे महिन्यात उघडतं, त्यांना सरळ नाही म्हणते. वाईटपणा येतो. येऊ दे.

आता तुमच्या लेकीच्या पांढऱ्याबद्दल. पहिल्यांदा धावत येणारं पिल्लू "यानेच आम्हाला निवडलं" असं वाटायला लावतं. खरं तर ते त्या दिवशी प्रत्येकाकडेच तसं धावत गेलं होतं. गॅसवाल्याकडेसुद्धा. उताणं धरल्यावर त्याने तीस सेकंदांत एकदाही अंग सैल सोडलं नाही आणि तपासणाऱ्या मुलीचं मनगट चावून लाल केलं. वाईट नाही तो, फार हुशार आहे. पण तुम्ही दोघं सकाळी आठला घर सोडता, लेक शाळेतून येते तेव्हा घरी आजी एकट्या. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत त्याची ती ताकद कुठे जाईल? सोफ्यात जाईल, आणि मग मुलीच्या हातापायांवर. हर्णैच्या एका होडीवाल्याने त्याला नेलं. त्याच्या घरी कुत्र्यांमध्येच वाढलेले तिघे भाऊ आहेत.

याच्या उलटही होतं. कोपऱ्यात अंग चोरून बसलेलं पिल्लू पाहून लोकांना गलबलून येतं आणि ते तेच मागतात. दयेने नेलेलं भित्रं पिल्लू भरल्या घरात फार सोसतं. या वेतातली तशी एक मी गावातल्या शिंपीणबाईंना दिली. त्या एकट्या राहतात, बोलतात हळू. ती मशीनखाली कापडाच्या चिंध्यांवर झोपते आणि मशीनच्या आवाजाला आता कान हलवत नाही. त्या आजोबांच्या घरीही शेवटी अशीच एक शांत मादी गेली. अनोळखी माणूस फाटकातून आत आला तर ती दोनदा भुंकते, बस. त्यांना राखण एवढीच हवी होती, हे मी पहिल्या वर्षी विचारलंच नव्हतं.

तांबूस मात्र अजून इथेच आहे. माद्या लोक लवकर नेत नाहीत. छत्री उघडली तेव्हा ती दोन पावलं मागे सरली, खाली बसली, मग येऊन छत्रीच्या काठाला नाक लावलं. उताणं धरल्यावर थोडी झगडली आणि हात चाटू लागली. तुमच्या मुलीकडे ती धावली नाही, पण मुलगी रडत पायरीवर बसली तेव्हा तिच्या चपलेवर हनुवटी ठेवून बसली होती. तुम्ही गाडीकडे गेला होतात, तुम्हाला ते दिसलं नसेल.

आज ती नऊ आठवड्यांची आहे. पहिली लस झाली, दर पंधरवड्याला जंताचं औषध चालू आहे, रेबीजची लस तीन महिन्यांची झाल्यावर. शहरात जायची शक्यता धरून मी तिला गाड्यांची सवय लावतेय. काल रिक्षाने दापोलीला नेली. आसूदच्या वळणांवर ओकली, मग बाजारात एसटीचा भोंगा ऐकून माझ्या पदरात शिरली आणि स्टँड येईपर्यंत डोकं बाहेर काढून बघू लागली होती. बारा आठवड्यांच्या आत ती ज्याच्या घरी जायची त्याच्या घरी गेलेली बरी. जानेवारी अखेरपर्यंत मी तिला दुसऱ्या कुणाला देणार नाही. आलात तर सकाळी या, आणि लेकीला घेऊन या.