मे महिन्यातली पिशवी

१९ मे, रात्री

आज दुपारी रक्त दिलं. तिसऱ्यांदा दिलं तसं, पण मे महिन्यात पहिल्यांदाच. निघताना आईने पर्समध्ये कांदा टाकला, लू लागू नये म्हणून, आणि रिकाम्या पोटी जाऊ नको असं दहादा बजावलं. नागपुरात बर्डीवरून मेडिकल चौकात पोचेपर्यंत तोंडावरचा स्कार्फ नुसता तापून गेला होता.

१५ ऑगस्टला आमच्या कॉलेजात कॅम्प होता तेव्हा रांग जिन्यापर्यंत गेली होती. आज रक्तपेढीत मी आणि माझी मैत्रीण, बस. सिस्टर म्हणाल्या, "उन्हाळ्यात असंच राहते, कॉलेजं बंद, पोरं गावाले." मी विचारलं, मग कॅम्पचं रक्त साठवून नाही का ठेवत, तर त्या म्हणे लाल पेशी फार तर ३५ ते ४२ दिवस टिकतात आणि प्लेटलेट्स ५ दिवस. म्हणजे आमच्या ऑगस्टच्या पिशव्या सप्टेंबरअखेर संपल्या आणि आम्ही मात्र वर्षभर त्या सर्टिफिकेटवर खुश!

मैत्रिणीचं हिमोग्लोबिन १०.९ निघालं, १२.५ लागते, तिला परत पाठवलं. बिचारी रडकुंडीला आली.

बाहेर बाकावर एक बाई बसल्या होत्या, भंडाऱ्याकडच्या, मांडीवर आठेक वर्षांची पोरगी, सिकलसेलची, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा जन्मजात आजार, त्यात रक्त चढवावं लागू शकते. आपल्या विदर्भात हा आजार किती आहे हे पुस्तकात वाचलं होतं, पण त्या पोरीचे पिवळसर डोळे बघितल्यावर वाचलेलं सगळं वेगळंच वाटायला लागलं. या मुलांना रक्त फुकट द्यायचं, बदल्यात रक्तदाता मागायचा नाही, असा नियमच आहे. चांगलाच नियम आहे, पण फ्रिजमध्ये त्या गटाची पिशवीच नसली तर त्या माउलीने नियम घेऊन काय करायचं? सकाळपासून बसून होती.

एनएसएसमध्ये, म्हणजे कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेत, आम्हाला वर्षाला १२० तास भरायचे असतात. मी भरले, झाडं लावली, रॅलीत घोषणा दिल्या, त्याचं मला वाईट नाही वाटत. पण आज वाटून राहिलं की हे तास आपण आपल्या सोयीच्या दिवशी भरतो आणि गरज दुसऱ्याच दिवशी येते.

तर संध्याकाळी आम्ही दोघींनी बसून वही केली. क्लासमधले जे उन्हाळ्यात नागपुरातच असतात त्यांची नावं, रक्तगट, शेवटचं कधी दिलं ते. मुलांना ३ महिन्यांनी देता येते, मुलींना ४. सगळ्यांनी एकाच दिवशी नाही जायचं, दर मंगळवारी तिघं-चौघं, बस्स. आतापर्यंत २३ नावं झाली. फोन करायचं काम मैत्रिणीने घेतलं, ती म्हणे माझं रक्त नाही चाललं तर माझा आवाज तरी चालेल ना. तिला लोहाच्या गोळ्या पण सुरू करायच्या आहेत, उद्या डॉक्टरकडे नेतेच.

अजून नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागायचाय, तेव्हा तर कुणी घराबाहेरच पडत नाही. २६ तारखेच्या मंगळवारसाठी दोघं हो म्हणाले, तिसऱ्याची आई नाही म्हणून राहिली, तिच्याशी मीच बोलणार आहे. माझी पुढची तारीख १९ सप्टेंबर, वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवली.