कल्वर सिटीतला पाऊस

लॉस एंजेलिसजवळच्या कल्वर सिटीत मामेबहिणीने ओव्हरलँड अ‍ॅव्हेन्यूवरून गाडी आत वळवली. "ताई, इथे नुसती घरं आहेत गं," ती म्हणाली. खरंच होतं. 'सिंगिंग इन द रेन' या सिनेमात नट-नर्तक जीन केली ज्या रस्त्यावर भिजत नाचला, तो एमजीएम स्टुडिओच्या बॅकलॉटवरचा, म्हणजे बाहेरच्या चित्रीकरणाच्या मोकळ्या जागेवरचा, सेट होता. सत्तरच्या दशकात जमीन विकली गेली, सेट पाडले, वसाहत झाली. गल्ल्यांना मात्र नावं जुन्या नटनट्यांची, गारलँड, अ‍ॅस्टेअर! वर टळटळीत ऊन.

तो पाऊसही उन्हातच पाडलेला. वर ताडपत्र्या लावून दिवसाची रात्र केली, पाण्याचे पाइप सोडले. पावलं कुठे पडणार ते ठरवून नेमक्या तिथेच डबक्यांसाठी खड्डे केले. केलीच्या अंगात १०३ ताप, आणि लोकरीचा सूट भिजून आटत चाललेला. पाऊस दिसावा म्हणून पाण्यात दूध घातलं होतं, ही लोणकढी आहे; मागून प्रकाश टाकला की थेंब दिसतात. टॅप नाचातली, बुटांच्या तळाच्या धातूच्या पट्ट्यांची टकटकही नंतर स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलेली. ओल्या फरशीवर एवढा खणखणीत आवाज यायचा कुठून?

मूळ स्टुडिओ जवळच आहे. आता तो सोनीचा, आणि पैसे भरून आतून चालत बघता येतो. मला तिथे सारखी सिनेमाची नायिका डेबी रेनल्ड्स आठवत होती. चित्रीकरणाच्या वेळी ती जेमतेम १९ वर्षांची, जिम्नॅस्टिक्स केलेली, पण नाच न शिकलेली. केली आणि सहनायक डोनाल्ड ओ'कॉनर हे दोघे लहानपणापासून नाचणारे, त्यांच्या बरोबरीने पाय टाकायचे. पियानोखाली रडत बसलेली असताना नामवंत नर्तक फ्रेड अ‍ॅस्टेअरला ती सापडली आणि त्याने तिला स्वतःची तालीम बघायला नेलं. 'गुड मॉर्निंग' या गाण्याचं चित्रीकरण रात्री उशिरापर्यंत चाललं, तिच्या पायांतून रक्त आलं. पडद्यावर ती सोफा उलटवून हसत पडते! माझ्या मते सिनेमातला सर्वांत चांगला नाच तोच, पावसातला नव्हे. बहिणीला हे अजिबात पटलं नाही.

दुपारी हॉलिवूड बुलव्हारला, चायनीज थिएटरच्या अंगणात. हा सिनेमा सुरू होतो तोच या थिएटरच्या दारात, १९२७ सालच्या प्रीमियरने. अंगणातल्या सिमेंटमध्ये नटनट्यांच्या हातापायांचे ठसे आहेत; अ‍ॅस्टेअरचे १९३८चे, केलीचे १९६९चे. गर्दी इतकी, की फोटोत माझ्यापेक्षा परक्यांचे बूटच जास्त आले.

बाहेर फुटपाथवर, कलाकारांच्या सन्मानार्थ त्यांच्या नावांचे तारे बसवलेत त्यांत, टॅप नर्तक निकोलस बंधूंचा तारा आहे. फेयार्ड आणि हॅरल्ड. टॅप मुळात घडवला तो अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय नर्तकांनी, पण हॉलिवूडने त्यांना बहुतेक वेळा एका गाण्यापुरतं बोलावलं, तेही कथेशी संबंध न ठेवता, म्हणजे वर्णभेद पाळणाऱ्या दक्षिणेकडच्या राज्यांत ते गाणं कापता यावं. 'द पायरेट' सिनेमात १९४८ साली केली निकोलस बंधूंसोबत 'बी अ क्लाउन' या गाण्यावर नाचला. 'सिंगिंग इन द रेन'मधल्या ओ'कॉनरच्या 'मेक एम लाफ' गाण्याची चाल जवळपास तीच आहे. निकोलस बंधूंना फुटपाथवरचा तारा मिळाला १९९४ साली. बहीण गाडीकडे निघाली होती. मी तिला तिथेच थांबवून 'स्टॉर्मी वेदर' सिनेमातला त्यांचा जिन्यावरचा नाच फोनवर दाखवला. तिने तो लगेच पुन्हा लावायला सांगितला.