गीझर बदलायला घेतला आणि छप्पर उतरवावं लागलं

डिसेंबरची गोष्ट आहे, आई सकाळी न्हाणीतून बाहेर आली आणि म्हणाली नळाला हात लावला की मुंग्या येतात. मी ऑफिसला पणजीला निघायच्या गडबडीत होते, म्हटलं थंडीने असेल. दुसऱ्या दिवशी मी स्वतः नळ सोडला आणि हाताला जे झिणझिणलं ते थंडीचं नव्हतंच. पटकन मेन बंद केला आणि मग बसूनच राहिले थोडा वेळ, कारण आई ७६ वर्षांची, ओल्या लादीवर अनवाणी उभी राहून रोज त्याच नळाला हात लावत होती आणि आदल्या दिवशी तिने सांगितलेलं मी ऐकूनसुद्धा घेतलं नव्हतं. ते अजून मनातून जात नाही.

घर आमचं डिचोलीजवळच्या गावात, आजोबांनी बांधलेलं, चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, पुढे सोपा, मागे पडवी, पडवीच्या टोकाला न्हाणी. न्हाणीवर बाबांनी नंतर स्लॅब घातला आणि गीझर बसवला, त्यालाही आता १७ वर्षं झाली. मला वाटलं नवा गीझर आणायचा, दहा-बारा हजारांचं काम, विषय संपला.

इलेक्ट्रिशियनने जुना गीझर खाली काढून उघडला तेव्हा मी शेजारीच उभी होते. आतली मॅग्नेशियमची कांडी असते ना, जी टाकीच्या आधी स्वतः गंजते आणि टाकी वाचवते, तिच्या जागी नुसती एक वाकडी तार उरली होती. खाली बोटभर तांबडा गाळ, आणि हीटिंग एलिमेंटला मधोमध चीर. शॉक तिथूनच येत होता. त्याने एक गोष्ट सांगितली ती मला आधी कोणी सांगायला हवी होती. शहरांत बोअरचं जड पाणी असतं तिथे गीझरमध्ये पांढरा क्षार साचतो, आपल्याकडे जांभ्या दगडातल्या विहिरीचं पाणी हलकं आणि जरा आंबट स्वभावाचं असतं, ते साचवत नाही, खातं. त्यामुळे ती कांडी दर दोन-तीन वर्षांनी काढून बघायलाच हवी. आम्ही १७ वर्षांत एकदाही बघितली नव्हती, अशी काही कांडी असते हेच घरात कोणाला माहीत नव्हतं.

पण एलिमेंट फुटलं तरी अर्थिंग नीट असतं तर माणसाला शॉक लागायला नको होता. म्हणून त्याने अर्थिंगची वायर कुठे जाते ते शोधलं, तर ती भिंतीत जाऊन एका जुन्या लोखंडी पाइपला गुंडाळलेली, आणि तो पाइप जमिनीपर्यंत पोचतच नव्हता कारण मधे कधीतरी पीव्हीसी घातलेला. वायर शोधायला भिंत फोडली तेव्हा गिलाव्याचं टोपलीभर ढेकूळ निघालं आणि त्यामागे चिरा ओला. डिसेंबरात, पाऊस संपून दोन महिने झाल्यावर ओला! आणि त्या ओलीतून वाळवीची मातीची रेघ सरळ वर चाललेली, वाशापर्यंत.

तेव्हा कळलं की काम गीझरचं राहिलेलं नाही.

पहिलं काम कागदांचं. पंचायतीकडे दुरुस्तीच्या परवानगीसाठी गेले तर एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीवर, अजून आजोबांचंच नाव. गोव्यात मुलींचा हिस्सा मुलांइतकाच, त्यामुळे माझी, भावाची, आईची तर सही लागलीच, पण ठाण्याच्या आत्याचंही संमतीपत्र हवं. आत्याने फोनवर पहिलं काय विचारलं तर, देवघराची भिंत हलवणार नाहीस ना? मी म्हटलं नाही आत्या, एक चिरासुद्धा हलणार नाही, मग तिने आठ दिवसांत सही करून पाठवलं. घरपट्टीची पावती, जुन्या घराचे फोटो, नकाशा, हे सगळं जोडून परवानगी हातात यायला फेब्रुवारी संपत आला. ज्यांच्या घराचे कागद अजून आजोबा-पणजोबांच्या नावावर आहेत त्यांनी घर मोडकळीला यायची वाट न बघता आधी नातेवाइकांना फोन करायला घ्या, कारण गवंडी एका दिवसात मिळतो पण आत्या, काका आणि दुबईतला चुलत भाऊ यांच्या सह्या एका दिवसात मिळत नाहीत.

तोवर आंघोळीचं काय, तर आईने माळ्यावरून आजीचा तांब्याचा बंब खाली उतरवायला लावला. वीस वर्षं पडून होता, बुडाला गळत होता. डिचोलीच्या बाजारात समया आणि तांब्या-पितळेची कामं करणारे अजून आहेत, तिथे नेऊन डाख लावून आणला, २५० रुपये घेतले त्यांनी. मागच्या पडवीत मधल्या नळीत नारळाची सोडणं आणि करवंट्या पेटवायच्या, पंधरा-वीस मिनिटांत पाणी कढत. पाच महिने आम्ही त्यावर काढले. धुराने माझे डोळे चुरचुरायचे पण आईला मात्र ते पाणी आवडायचं, म्हणायची या पाण्याला वास आहे.

आता कॉन्ट्रॅक्टर. तिघांना बोलावलं. दोघांनी सोप्यात उभं राहून, वर न चढता, एकरकमी आकडा सांगितला. तिसरा निदान शिडी लावून वर चढला, त्याने ३,८०,००० सांगितले, सगळं धरून, आणि एक लाख ॲडव्हान्स मागितला. मी दिले. चूक माझीच, "सगळं धरून" म्हणजे काय काय धरून हे कागदावर उतरवलंच नाही. मार्चच्या पहिल्या आठवड्यात काम सुरू झालं, मग शिगमो आला, माणसं गेली, परत आली, मधल्या घराची कौलं उतरवली आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सगळे गायब. दुसऱ्या साइटवर स्लॅब होता म्हणे. अर्धं घर निळ्या ताडपत्रीखाली, आणि त्या आठवड्यात वळिवाची सर आली. रात्री साडेअकराला मी आणि भाऊ ताडपत्रीची टोकं दोरीने बांधत होतो आणि आई आत देवघरावर प्लास्टिक धरून उभी.

त्याला मी रोज फोन करायचे, तो रोज "उद्या" म्हणायचा. शेवटी अठरा दिवसांनी मी भावाला म्हटलं आता पुरे. गावातल्या एका जाणत्या मेस्ताला, म्हणजे मिस्त्रीला, बोलावून झालेल्या कामाचं माप घेतलं, किती कौलं उतरवली, किती वासे काढले, किती मजुरीचे दिवस, सगळं लिहून काढलं तर ६२,००० चं काम झालेलं. कॉन्ट्रॅक्टरसमोर तो कागद ठेवला आणि उरलेले ३८,००० परत मागितले. भांडण झालं नाही, कागद समोर होता म्हणून. दोन हप्त्यांत मिळाले.

मग तोच मेस्त कामाला धरला, पण या वेळी आयटमप्रमाणे दर ठरवून. छप्पराचा वेगळा, गिलाव्याचा वेगळा, न्हाणीचा वेगळा, दर शनिवारी माप घ्यायचं, वहीत लिहायचं, दोघांनी सही करायची आणि झालेल्या कामातले दहा टक्के मागे ठेवायचे. मेस्ताला आधी वहीचं वाईट वाटलं, म्हणाला बाय, माझ्यावर विश्वास नाही? मी म्हटलं मेस्त, ही वही तुमच्यासाठीपण आहे, उद्या मी म्हणाले हे काम झालंच नाही तर तुम्ही काय दाखवणार? त्यानंतर शनिवारी तोच आधी टेप घेऊन उभा असायचा.

एक अडचण होती, मेस्त शिरगावच्या लईराई देवीचा धोंड, म्हणजे व्रत करणारा भक्त. जत्रा वैशाख शुद्ध पंचमीची, म्हणजे ऐन कामाच्या दिवसांत, व्रताचे पाच-सहा दिवस तो येणार नाही हे त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं. मला ते आवडलं, कारण सांगून न येणं आणि न सांगता न येणं यात किती फरक आहे ते मी आदल्या महिन्यात भोगलं होतं. पाऊस साधारण ५ जूनच्या आसपास येणार, त्यातून सहा दिवस वजा करून आम्ही उलटा हिशोब मांडला, छप्पर २० मेपर्यंत बंद झालंच पाहिजे, बाकी सगळं त्याच्यानंतर. न्हाणीच्या टाइल्स कोणत्या, बेसिन कसलं, हे विषय मी तोवर घरात काढूच दिले नाहीत. आपल्याकडे जूनमध्ये डोक्यावर कौल नसेल तर टाइल घेऊन करायचं काय?

छप्पर बघायला मी दोन दिवस रजा घेतली. उतरवलेलं प्रत्येक कौल मेस्त डाव्या हातावर उभं धरायचा आणि उजव्या हाताच्या बोटाच्या पेराने टकटक करायचा. चांगलं कौल खणकन वाजतं, चीर गेलेलं बद्द वाजतं, बघून अजिबात कळत नाही. एका चौरस मीटरला साधारण पंधरा कौलं लागतात, आमचं सगळं छप्पर मिळून दोन हजारांच्या आसपास. त्यातली तेराशे खणखणीत निघाली, आजोबांच्या हातची. ती ब्रशने घासून, धुऊन परत चढवली आणि सातशे नवी आणली. पहिला कॉन्ट्रॅक्टर सगळीच नवी घालायला सांगत होता.

वासे तपासताना मात्र वाईट बातमी मिळाली. मेस्ताने मधल्या खोलीतल्या एका वाशावर हातोडी मारली, आवाज पोकळ आला, मग त्याने पटाशी टोचली तर ती मुठीपर्यंत आत गेली. वरून रंग शाबूत, आत नुसता भुसा. "बाय, हो वासो गेलो," एवढंच म्हणाला. आई खालून बघत होती, तिचा चेहरा पडला, कारण चवथीला गणपतीवरची माटोळी त्याच वाशाला बांधतात आमच्याकडे. नारळ, सुपारीची शिपटी, केळ्यांचे घड, रानातली फळं, केवढं वजन असतं त्याला, आणि खाली गणपती, खाली आम्ही सगळे आरतीला उभे. मागच्या वर्षीपण उभे होतो.

एकूण नऊ वासे आणि बऱ्याचशा रिपा बदलल्या. लाकूड किंदळाचं घेतलं, साग परवडणारा नव्हता आणि मेस्त म्हणाला आपल्या पावसाला किंदळ टिकतं. वाळवीसाठी भिंतीच्या तळाशी भोकं पाडून औषध सोडलं, पण विहिरीकडच्या बाजूला मी सोडू दिलं नाही. औषध सोडणारे लोक म्हणत होते काही होत नाही, पण ते पाणी आम्ही पितो. त्या बाजूची माती उकरून, वाळवीचे रस्ते मोडून, भिंतीला टेकलेला लाकडाचा ढीग हलवला.

आता ओलीबद्दल. बाबांनी नव्वदच्या सुमारास आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा करून घेतला होता आणि वर ऑइल पेंट, तेव्हा सगळे तेच करत होते. पण चिरा सच्छिद्र असतो, पावसात पाणी पितो आणि नंतर सोडतो. वर चुना असेल तर ओल बाहेर पडते, सिमेंट आणि ऑइल पेंटने तिची वाटच बंद होते, मग भिंत वर्षभर ओली आणि वाळवीला दिवाळी. म्हणून आतल्या चार भिंतींचा सिमेंट गिलावा फोडून चुन्याचा केला. परसात खड्डा खणून चुना तीन आठवडे भिजत ठेवला, एक भाग चुना, तीन भाग रेती. चुन्याचं काम येणारी माणसं कमी राहिलीत, आमच्या मेस्ताचे सासरे येत होते, सत्तरीचे, ते खुर्चीवर बसून सांगायचे आणि मुलं करायची. वेळ लागतो, सिमेंटसारखं झटपट होत नाही. पण माझं स्पष्ट मत आहे, चिऱ्याच्या जुन्या घराला सिमेंट लावू नका, कितीही जण सांगोत.

वायरिंग पूर्ण नवी. अर्थिंगला विहिरीच्या बाजूला जिथे जमीन ओलसर असते तिथे खड्डा घेतला, कोळसा आणि मीठ घालून. इलेक्ट्रिशियनने मीटर लावून आधी मोजलं तर ३८ ओहम, नंतर ४, हा आकडा जितका कमी तितकं अर्थिंग चांगलं. आमची जांभ्याची जमीन उन्हाळ्यात ठणठणीत सुकते, म्हणून हे मे महिन्यात मोजून घेतलं, पावसात मोजलं असतं तर कसंही बरंच आलं असतं. शिवाय ३० मिलिअँपचा आरसीसीबी बसवला, करंट कुठे गळला की तो लगेच पडतो. न्हाणीच्या स्लॅबवर १०० लिटरचा सोलर आणि ढगाळ दिवसांसाठी आत १५ लिटरचा गीझर.

पैशांचं सांगते. छप्पर २,८०,०००, त्यात ते आधीचे ६२,००० आले. न्हाणी १,६५,०००, वायरिंग ९५,०००, गिलावा ७०,०००, सोलर आणि गीझर ४२,०००, वाळवी १८,०००. सगळे मिळून ६,७०,०००. हाताशी साडेचार लाख होते, दीड भावाने घातले, सत्तर हजार क्रेडिट सोसायटीतून काढले. नवी खिडकी आणि सोप्याच्या लाद्या राहिल्या, त्या राहू देत.

छप्पर २३ मेला बंद झालं. त्याच्या आदल्या दिवशी आईच्या सांगण्यावरून मेस्त माटोळीच्या नव्या वाशाला दोन्ही हातांनी लोंबकळला, मग त्याच्या दोन मुलग्यांनापण लोंबकळायला लावलं, वासा हलला नाही. आई आत गेली आणि सगळ्यांसाठी चहा घेऊन आली.

जून, जुलै दोन्ही धो धो गेले. आई रोज सकाळी न्हाणीतून आली की मधल्या खोलीतल्या भिंतीला तळवा लावून बघायची, आणि मला ऑफिसात फोन करून सांगायची, आज पण सुकी. चवथीला माटोळी नव्या वाशाला चढली, आत्या ठाण्याहून आली होती, देवघराची भिंत तिने स्वतः जाऊन बघितली. बाहेरच्या पश्चिमेकडच्या भिंतीवर अजून जुना सिमेंट गिलावा आहे, तो फोडायचाय. चुना खड्ड्यात झाकून ठेवलाय आणि मेस्ताला तुळशीच्या लग्नानंतरचा आठवडा सांगून ठेवलाय.