खव्याचा नमुना घेताना

अन्न सुरक्षा अधिकारी म्हणून ठाण्यात काम करत असताना, दिवाळीच्या तोंडावर जांभळी नाका परिसरातील एका मिठाईच्या दुकानातून मी खव्याचा नमुना घेतला. भेसळीचा संशय येणे सोपे असते. तो नमुना सुनावणीत टिकेल अशा रीतीने दुकानाबाहेर काढणे मात्र कठीण असते.

२००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यानुसार विक्रेत्याला आधी लेखी सूचना द्यायची, घेतलेल्या मालाची किंमत चुकती करायची आणि साक्षीदारासमोर नमुन्याचे चार भाग करायचे असतात. दुकान गिऱ्हाइकांनी भरलेले होते, तरी पुढे तारखांना यावे लागेल या धास्तीने कोणीही साक्षीला तयार होईना. शेजारच्या दुकानदाराने तर शटरच अर्धे ओढून घेतले. अखेर रांगेतल्या एका वयस्कर गृहस्थांनी सही दिली. त्यानंतर नमुना नासू नये म्हणून ठरलेल्या प्रमाणात फॉर्मलिन हे रसायन घालणे, बरण्या कागदात गुंडाळून दोऱ्याने बांधणे, विक्रेत्याची सही अर्धी वर चिकटवलेल्या क्रमांकाच्या चिठ्ठीवर व अर्धी वेष्टनावर येईल याची काळजी घेणे आणि लाखेची मोहोर उठवणे, हे सारे काउंटरच्या कडेला उभ्याने करावे लागले. लाख वितळवताना ज्योत विझू नये म्हणून मी पंखा बंद करायला लावला, त्यावरून गिऱ्हाइके माझ्यावरच चिडली.

एक भाग पुढील कामकाजाच्या दिवसापर्यंत अन्न विश्लेषकाकडे रवाना करायचा, दोन वरिष्ठांच्या ताब्यात द्यायचे आणि व्यावसायिकाने मागणी केल्यास चौथा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवायचा असतो. विश्लेषकाला अहवालासाठी १४ दिवस आणि व्यावसायिकाला त्या अहवालाविरुद्धच्या अपिलासाठी ३० दिवस मिळतात. आकसाने कारवाई केल्याचे ठरल्यास कलम ३९ नुसार अधिकाऱ्यालाच एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ही तरतूद मला योग्य वाटते. परंतु मग एवढी जबाबदारी एकट्या माणसावर टाकू नये.

खव्यात कोरड्या वजनावर किमान ३० टक्के दुग्धस्निग्धांश, म्हणजे दुधातली चरबी, असावा लागतो. या नमुन्यात तो कमी निघाला. तरीही सुनावणीत वकिलांचे बहुतेक प्रश्न मोहोर, चिठ्ठीचा क्रमांक आणि साक्षीदाराची सही यांविषयीच होते, आणि त्यांची उत्तरे माझ्या कागदपत्रांत होती. आता सणासुदीच्या कामाला मी सोबत सहकारी द्यावा असे लेखी कळवतो. तो मिळतोच असे नाही.