लाल ब्लेडवरचा वर्ख: अक्षरांबाहेर चिकटणारं सोनं, आणि बटाटा

मागच्या नोंदीपर्यंत मानाच्या वल्ह्याच्या ब्लेडवर, म्हणजे पात्यावर, लाल एनॅमलचा शेवटचा हात झाला होता आणि मजकुराचा आराखडा कागदावर तयार होता. आता वर्ख चढवायला घेतला आणि काम तिथेच अडलं. अक्षरांवर सोनं झकास बसलं, पण अक्षरांच्या भोवतीही बसलं. ब्रशने झटकलं तरी निघेना, कापसाने पुसलं तर लाल रंगावर पिवळसर धूर पसरला. ज्यांनी लाल किंवा काळ्या ब्लेडवर काम केलंय त्यांना हे दुखणं ठाऊक असेल. पांढऱ्यावर ते लपतं, गडद रंगावर चार हात लांबून दिसतं.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: हे वल्हं केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजच्या क्लबच्या धाटणीचं आहे. लेडी मार्गारेट बोट क्लब, स्थापना 1825, रंग शेंदरी लाल. मे बंप्समध्ये, म्हणजे तिथल्या कॉलेजांच्या चार दिवसांच्या पाठलागाच्या शर्यतीत, चारही दिवस पुढच्या बोटीला गाठणाऱ्या किंवा नदीचं अग्रस्थान मिळवणाऱ्या क्रूला असं रंगवलेलं वल्हं मिळवायचा मान असतो. कॅम नदी दोन एट (आठ वल्हेकऱ्यांच्या बोटी) शेजारी शेजारी पळवण्याइतकी रुंद नाही, म्हणून 1827 पासून तिथे बोटी एकामागे एक, दीड बोटीच्या अंतराने उभ्या करतात. चार मिनिटांची तोफ, एक मिनिटाची तोफ, मग सुटण्याची तोफ. तोवर कॉक्स, म्हणजे सुकाणू धरणारा, किनाऱ्याला बांधलेल्या साखळीचं टोक हातात धरून बसलेला असतो. चार दिवसांच्या त्या धडपडीचा निकाल एका ब्लेडवर उतरवायचा, तर रंगाचा धूर चालत नाही.

आता मूळ अडचण. वर्ख चिकटतो तो साइझला, म्हणजे अक्षरांवर लावलेल्या तेलकट डिंकासारख्या थराला. पण एनॅमल वरून कोरडं लागलं तरी आतलं द्रावक निघायला दोन-तीन आठवडे लागतात. तेवढ्या काळात पृष्ठभागाला जी किंचित ओढ राहते ती बोटाला कळत नाही, वर्खाला कळते. वर्खाची जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास, त्याला धरून ठेवायला जवळजवळ काहीच लागत नाही. त्यात बोटांचा तेलकटपणा आणि कापसाने घासताना येणारी स्थिर वीज यांची भर. खात्री करायची सोपी रीत: अक्षर येणार नाही अशा कोपऱ्यात वर्खाचा कपटा कोरडाच दाबा आणि मऊ ब्रशने झटका. कपटा राहिला तर साइझच्या डबीचं झाकण उघडू नका.

आठवडे थांबणं हा एक उपाय झाला, पण पूर्ण सुकलेल्या रंगावरही गडद ब्लेडला आडपडदा हवाच. त्याच लाकडाच्या, तोच लाल रंग दिलेल्या फळीचे चार भाग करून चाचणी घेतली. एक भाग कोरा. दुसऱ्यावर फ्रेंच चॉकची (टाल्कच्या भुकटीची) पुरचुंडी आपटून बारीक भुकटी, जादाची झटकून. तिसऱ्यावर कच्चा बटाटा अर्धा कापून त्याची ओली बाजू फिरवलेली. चौथ्यावर एका अंड्याचा पांढरा बलक अर्धा लिटर कोमट पाण्यात ढवळून, गाळून, रुंद मऊ ब्रशने एकच हात.

कोऱ्या भागावर अर्थातच धूर. चॉकवर सोनं बऱ्यापैकी झटकलं गेलं, पण ब्रशच्या रेघांमध्ये भुकटी साचली आणि साइझची कड तिथे दातेरी झाली. ‘एस’च्या वळणावर हे फार खुपतं. बलकाच्या भागावर सोनं सर्वांत स्वच्छ निघालं, मात्र थर जरा जाड झाला की साइझ थेंबाथेंबाने गोळा होतो. पाणी वाढवलं की तेही थांबतं. बटाटा मला सर्वांत आवडला. पिठूळ पाण्याचा इतका पातळ पडदा राहतो की साइझची रेघ सुरीने कापल्यासारखी येते, आणि पडद्याची मंद झाक दिसत असल्याने कुठे फिरवला, कुठे राहिला हेही कळतं. जुने पाट्या रंगवणारे कारागीर हे सगळं पूर्वीपासून करत आले आहेत.

एक धोका मात्र बटाटा आणि बलक दोन्हींत आहे. पडदा पाण्याने निघतो आणि साइझ त्या पडद्यावरच बसलेला असतो. वर्ख लावल्यावर त्याच दिवशी ओल्या कापसाने पुसलं तर पाणी कडेखालून शिरतं आणि अक्षराचं टोक उचललं जातं. तीन-चार दिवस थांबून, कापूस जेमतेम ओलसर करून, अक्षराकडून बाहेरच्या दिशेने पुसलं की टोकं जागची हलत नाहीत. चाचणीच्या फळीवर ‘एम’च्या चारही रेघा शाबूत राहिल्या आणि भोवतीचा लाल रंग आरशासारखा उघडा पडला. या छंदात यापेक्षा मोठा आनंद क्वचितच मिळतो.

साइझबद्दल माझं मत पक्कं आहे: बारा तासांचाच घ्या. तीन तासांचा लवकर ओढ धरतो आणि लवकर सोडतो. नऊ नावं लिहून होईपर्यंत पहिलं नाव मेलेलं असतं. बारा तासांचा रात्री लावला की दुसऱ्या दिवशी निवांत वेळ मिळतो. त्यात चिमूटभर क्रोम यलो मिसळा, म्हणजे लाल रंगावर रेघ दिसते. बोटाची मागची बाजू टेकवून उचलताना बारीक ‘टिक’ असा आवाज आला आणि ठसा उमटला नाही, की वर्खाची वेळ झाली. त्याआधी लावलं तर सोनं बुडतं आणि कायमचं निस्तेज होतं.

वर्ख साडेतेवीस कॅरटचा, कागदाला चिकटवलेला ट्रान्सफर. पुस्तकात 25 पानं, प्रत्येक 80 मिलिमीटर चौरस. मॅकॉन ब्लेड, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या असलेलं जुन्या धाटणीचं पातं, सुमारे 20 सेंटिमीटर रुंद असतं. एक पुस्तक क्षेत्रफळाला पुरतं, पण तुकडे वाया जातात म्हणून दोन धरा. 14 सेंटिमीटरच्या चौकोनी पानांत स्वस्तात मिळणारा ‘गोल्ड लीफ’ पितळी असतो आणि काळा पडतो. तो घेऊ नका, कुणी कितीही शपथा घेऊ दे.

वाचकांनी ब्लेडच्या आकाराबद्दल विचारलं होतं. मॅकॉनचा आकार 1959 पासूनचा. 1991 मध्ये कॉन्सेप्ट टूची कुऱ्हाडीसारखी एकांगी पाती आली आणि पाण्यावरून मॅकॉन हळूहळू गेलं. मानाच्या वल्ह्यांसाठी मात्र लाकडी मॅकॉनच शोभतं, कारण दोन्ही बाजू सारख्या असल्याने मजकूर मधल्या कण्याभोवती तोलता येतो. वल्हेकऱ्यांची नावं जागेच्या क्रमाने: बो (बोटीच्या नाकाकडचा पहिला), 2, 3, 4 डावीकडे. 5, 6, 7, स्ट्रोक (आठवा, कॉक्ससमोरचा) उजवीकडे. कॉक्स आणि प्रशिक्षक खाली मधोमध. पातं खोलगट असल्यामुळे अखंड कागदी आराखडा सुरकुततो. ओळीओळीच्या पट्ट्या कापून लावा आणि कडेकडे जाणारी ओळ केसभर वर वळवा, नाहीतर ती गळाल्यासारखी दिसते.

मजकुरात जपायच्या जागा: वल्हेकऱ्यांची वजनं स्टोन-पाउंडात (14 पाउंडांचा एक स्टोन). 78 किलो म्हणजे 172 पाउंड, म्हणजे 12 स्टोन 4. पाउंडाचा आकडा 13 च्या वर गेला तर हिशेब चुकलाय. गाठलेल्या क्लबांमध्ये ट्रिनिटी असेल तर साल बघा. ‘फर्स्ट अँड थर्ड ट्रिनिटी’ हे एकत्र नाव 1946 नंतरचं; त्याआधीच्या वल्ह्यावर फर्स्ट आणि थर्ड वेगवेगळे क्लब. त्या लांबलचक नावाने ओळ भरते, म्हणून अक्षरांची उंची त्याच नावावरून ठरवा.

ढालीचं काम यावेळी अनपेक्षित छान उतरलं. सेंट जॉन्सची ढाल लेडी मार्गारेट बोफर्ट यांची: चार घरांत फ्रान्सची लिली आणि इंग्लंडचे सिंह, भोवती रुपेरी-निळ्या चौकटींची किनार. त्याच संस्थापिकेमुळे क्राइस्ट्स कॉलेजचीही ढाल हीच, तेव्हा वर क्लबचं नाव नीट हवं. रुपेरी चौकटींना चांदीचा वर्ख लावू नका, काळवंडतो, पॅलेडियम वापरा. एक चौकट सात मिलिमीटरची ठेवली तर कोपरे न तोडता किनार जुळते.

आता आकडे. वजनांच्या आकड्यांची उंची सहा मिलिमीटर, आणि तेवढ्या ‘8’च्या पोटात साइझ साचून भोक बुजतं. आधी ते क्रीम एनॅमलने लिहायचं ठरलं होतं. हे लिहिताना वेगळंच सुचतंय: वजनांच्या जागी सोन्याची अखंड पट्टी लावायची, आठवडाभर वाळू द्यायची, आणि आकड्यांच्या भोवती लाल रंगच कापत आणायचा. म्हणजे रेघ सोन्याची नाही, लाल रंगाची ओढायची. एनॅमल साइझपेक्षा घट्ट, लांब केसांच्या सेबल ब्रशवर काबूत राहतं, आणि ‘8’चं पोट म्हणजे लालचा एक ठिपका. भोवती धूर उरायचाही प्रश्न नाही, कारण तिथे नवा लाल रंगच येतो. अडचण एकच: जुना आणि नवा लाल एकाच डब्यातला हवा आणि जोडाची कड नावांच्या ओळीत लपवायला हवी. फळीचा कोरा भाग आता याच्याच चाचणीसाठी वापरणार, त्यामुळे काळ्या किनारीचं काम पुढे ढकललंय. वार्निशचंही तसंच, सोन्यावर काय लावायचं, की काहीच नाही, हे आकडे जमल्यावरच बघू.