हायडेलबर्गचं हिवाळी सत्र : आधी टपालपेटीवर नाव लावा

इथल्या विद्यापीठातून एका सत्रासाठी जर्मनीतल्या हायडेलबर्गला शिकायला जाणार असाल, तर आधी तारखा बघा. जर्मनीतलं हिवाळी सत्र कागदावर १ ऑक्टोबर ते ३१ मार्च असतं. तास प्रत्यक्षात ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होतात, फेब्रुवारीच्या पूर्वार्धात संपतात आणि मग परीक्षा. म्हणजे आपल्याकडच्या जुलैच्या सत्रावरही हे आडवं पडतं आणि जानेवारीच्याही. म्हणून विमानाच्या तिकिटाआधी विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र हवं: जानेवारी-फेब्रुवारीची गैरहजेरी मंजूर आहे, आणि तिथल्या कोणत्या विषयाचे क्रेडिट इथल्या कोणत्या विषयासाठी धरले जातील. ‘आल्यावर बघू’ या तोंडी आश्वासनावर निघालात, तर आल्यावर खरंच नुसतं बघतच बसावं लागतं.

हायडेलबर्ग ज्या राज्यात आहे त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये २०१७ च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो शुल्क आहे. दोन विद्यापीठांमधल्या करारातून गेलात तर ते माफ होतं, स्वतंत्र अर्ज करून गेलात तर नाही. कराराची जागा मिळत असेल तर दुसरा विचारच करू नये.

मुक्काम ९० दिवसांपेक्षा जास्त, म्हणून राष्ट्रीय व्हिसा लागतो. त्याची फी ७५ युरो. शिष्यवृत्ती नसेल तर ‘श्पेरकोन्टो’ म्हणजे गोठवलेलं खातं काढायचं आणि राहण्याच्या खर्चाचे पैसे त्यात आधीच भरून ठेवायचे. सप्टेंबर २०२४ पासूनचा दर महिन्याला ९९२ युरो, सहा महिन्यांचे ५,९५२. इथे बरेच जण फसतात. हे पैसे तुमचेच असले तरी तिकडे चालू खातं उघडून त्याचा क्रमांक कळवेपर्यंत त्यातला एक युरोही हाती येत नाही. तोवर खोलीची अनामत, पहिलं भाडं आणि आरोग्य विम्याचा हप्ता येऊन ठेपलेला असतो. निदान १,५०० युरो फॉरेक्स कार्डावर वेगळे ठेवाच. व्हिसा हातात पडला की त्यावरच्या तारखा तिथेच वाचा. संपूर्ण मुक्काम त्यात बसत नसेल तर परदेशी नागरिकांच्या कार्यालयात मुदतवाढीचा अर्ज करावा लागतो, आणि तिथली वेळ मिळायला आठवडे लागू शकतात.

फ्रँकफर्ट विमानतळावरून जलदगाडीने अर्ध्या तासात मानहाइम आणि तिथून लोकलने हायडेलबर्ग. महिन्याचं ‘डॉइचलांडटिकेट’ (देशभराचा प्रवासपास) लोकलला चालतं, जलदगाडीला नाही. शनिवार-रविवारी उतरू नका. वसतिगृहाचा केअरटेकर कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेतच किल्ली देतो. रविवारी दुकानं बंद, ३ ऑक्टोबरलाही बंद. खोलीत पलंग, टेबल, कपाट असतं, पण गादीवर चादर नसते आणि स्वयंपाकघरात तुमच्यासाठी पातेलं नसतं. पहिल्या रात्रीसाठी एक चादर हँडबॅगेतच ठेवा.

किल्ली मिळाली की सामान सोडायच्या आधी खाली जाऊन टपालपेटीवर आपलं आडनाव लावा. जर्मन टपाल नावावर चालतं, बहुतेक ठिकाणी खोली क्रमांकावर नाही. पेटीवर नाव नाही म्हणजे तुम्ही तिथे राहत नाही, पत्र परत. आणि त्या देशात महत्त्वाचं सगळं पत्रानेच येतं: बँकेचं कार्ड एका पाकिटात, त्याचा पिन दुसऱ्या पाकिटात, विम्याचं कार्ड, करक्रमांक. पासपोर्टवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी मराठी पद्धतीची लांबलचक ओळ असेल तर पेटीवर आणि प्रत्येक अर्जावर आडनाव एकाच स्पेलिंगने लिहा.

त्यानंतर ‘आनमेल्डुंग’, म्हणजे पत्त्याची नोंदणी. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती करायची असते. त्यासाठी पासपोर्ट आणि घरमालकाच्या सहीचा राहत असल्याचा दाखला लागतो. नुसता भाडेकरार चालत नाही, आणि रिकाम्या हाताने परतणारे बहुतेक जण याच कागदापायी परततात. नोंदणी झाली की काही आठवड्यांत रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येतं: महिन्याला १८.३६ युरो. घरात टीव्ही नसला तरी भरावी लागते, पण वर्गणी घरामागे असते, माणसामागे नाही. सामायिक फ्लॅटमध्ये एक जण भरत असेल तर त्याचा वर्गणी क्रमांक कळवा. पत्र फेकून दिलंत तर दंडासकट पुन्हा येतं.

तासांची वेळ ‘१० सी. टी.’ अशी लिहिलेली असेल तर तास सव्वादहाला सुरू होतो, ‘एस. टी.’ असेल तर ठोक्याला. आपल्या लोकांना एस. टी. वेळेवर सुटते हे पटायला थोडे दिवस जातात! विषयाला नाव नोंदवणं आणि परीक्षेला नाव नोंदवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीची मुदत चुकली तर सत्रभर पहिल्या बाकावर बसूनही परीक्षा देता येत नाही. पूर्ण सत्राचा भार ३० क्रेडिट धरतात आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम. परदेशातल्या पहिल्या सत्रात २० ते २४ पुरेत, अर्थात तुमच्या विद्यापीठाची अट तेवढ्यावर भागत असेल तर. गुण १.० ते ५.०, आणि उलटे: १.० सर्वोत्तम, ४.० काठावर पास. मानव्यशाखेत तास संपल्यावर प्रबंधिका लिहायची असते. ती मार्चवर ढकललीत की गुणपत्रकही तितकंच पुढे जातं.

विज्ञानवाल्यांचं आवार नेकार नदीपलीकडे नॉयएनहाइमर फेल्डमध्ये, मानव्यवाल्यांचं जुन्या गावात. विद्यापीठ १३८६ चं. ऑगस्टिनरगासेमध्ये विद्यार्थ्यांचा जुना तुरुंग आहे, भिंती-छतावर कैद्यांनी रंगवलेल्या चित्रांसकट. गोंगाट-दंग्यासाठी तिथे कोंडत, १९१४ पर्यंत. मराठी माणसाने मात्र विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संस्थेचा ग्रंथसंग्रह चुकवू नये. खंडोबा, बिरोबा आणि धनगरांच्या ओव्यांवर आयुष्य घालवलेले गुंथर सोंथायमर याच संस्थेत शिकवत. नेकारकाठी जेजुरीवरचं पुस्तक उघडून बसण्याची मजा वेगळीच.

मार्स्टालच्या मेन्सात, म्हणजे विद्यार्थ्यांच्या खाणावळीत, बुफे वजनावर असतो. रस्सा आणि उकडलेले बटाटे काटा खाली खेचतात, पालेभाजी आणि सॅलड स्वस्तात पोट भरतात. घरून येताना दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपात आणायला बंदी आहे, म्हणजे तूप आणि पेढेही गेले. ताजा कढीपत्ता नको, वाळवून न्या. गोडा मसाला, मेतकूट खुशाल न्या. नारळालाही आडकाठी नाही. चक्क्याची भूक तिथला ‘क्वार्क’ भागवतो: डब्यावर ४० टक्के स्निग्धांश (कोरड्या भागातला) लिहिलेला अर्धा किलो घेऊन फडक्यात चार तास टांगा, मग दीडशे ग्रॅम पिठीसाखर आणि केशर. स्निग्धांश नसलेला घेतलात तर श्रीखंड कोरडं आणि आंबट होतं. फोडणी करताना स्वयंपाकघराचं दार बंद आणि खिडकी सताड उघडी ठेवा, नाहीतर मोहरी तडतडण्याआधी बाहेरचा धुराचा अलार्म तडतडेल.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे जातात आणि घराशी फरक साडेतीनवरून साडेचार तासांवर जातो. डिसेंबरात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. फिलॉसॉफनवेग या डोंगरउतारावरच्या पायवाटेवर चढायचं तर दुपारी जेवण झाल्या झाल्या निघावं. समोर किल्ला आणि खाली जुना पूल उजेडातच बघण्यासारखे.

निघण्याची तयारी फेब्रुवारीतच करावी लागते. डॉइचलांडटिकेट महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द केलं नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे जातात. पत्त्याची नोंद निघण्याच्या आदल्या आठवड्यात रद्द करता येते. ती पावती जपा, रेडिओ-टीव्हीची वर्गणी आणि विमा दोन्ही ती दाखवूनच बंद होतात. बँक खातं मात्र लगेच बंद करू नका. अनामत परत यायला दोन-तीन महिने सहज लागतात आणि ती त्याच खात्यात येते. टपालपेटीवरची पट्टीही तुम्ही काढू नका. नवा भाडेकरू आपलं नाव लावेल तेव्हा तुमचं निघेलच. तोवर उशिरा आलेली पत्रं निदान शेजारच्या खोलीतल्या मित्राला उचलता येतील.